गांडुळाच्या रक्तात तांबड्या पेशी नाहीत, मग हिमोग्लोबिन टिकते कसे?

ओलीमाती यांचा प्रश्न

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. अकरावीला गांडूळ शिकवताना एक वाक्य मी गेली कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आले आहे: ‘गांडुळाच्या रक्तद्रवात हिमोग्लोबिन विरघळलेले असते, म्हणून रक्त तांबडे दिसते; त्यातील पेशी मात्र रंगहीन असतात.’ यंदा एका विद्यार्थिनीने ते वहीत उतरवून घेण्याआधीच हात वर केला आणि विचारले, “बाई, आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन पेशीतून बाहेर पडले तर तो आजार, आणि गांडुळाचे कायम बाहेरच असते, तर त्याला काही कसे होत नाही?” त्या तासाला मला समाधानकारक उत्तर देता आले नाही, आणि तेव्हापासून ते वाक्य फळ्यावर लिहिताना हात अडखळतो.

घरी गांडूळखताचा वाफा आहे. त्यातले एक कोवळे गांडूळ ओल्या टिपकागदावर ठेवून भिंगातून पाहिले. पाठीच्या मधोमध पृष्ठवाहिनीची तांबडी रेघ त्वचेतून स्पष्ट दिसते. शेपटीकडून तोंडाकडे एक लाट सरकत जाते, लाट पुढे गेली की रेघ क्षणभर फिकी होते आणि पुन्हा भरते. नंतर, वाफा उपसताना खुरप्याने तुटलेल्या एका गांडुळाचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आपल्या रक्तात जशी तबकड्यांची दाटी दिसते तसे काहीही नव्हते. सर्वत्र एकसारखी फिकट तांबूस झाक होती आणि मध्ये मध्ये गोलसर, कणीदार, पिवळट अशा थोड्या पेशी होत्या. रंग पेशींत नाही, एवढे डोळ्यांनी पटले.

वाचनात आले की गांडुळाचे हिमोग्लोबिन हा एक अवाढव्य रेणू असून त्याचे वस्तुमान सुमारे ३६ लाख डाल्टन आहे (एक डाल्टन म्हणजे साधारण हायड्रोजनच्या एका अणूइतके वस्तुमान) आणि त्यात हीमचे, म्हणजे ऑक्सिजन धरणारे लोहयुक्त, १४४ गट आहेत. आता माझ्या अडचणी सांगते. पहिली विद्यार्थिनीचीच: हा रेणू उघड्यावर सुरक्षित कसा राहतो? दुसरी हिशेबाची: ३६ लाखांना १४४ ने भागले तर दर हीममागे २५,००० येतात, पण हीम धरणारी ग्लोबिन या प्रथिनाची शृंखला सगळीकडे १६-१७ हजारांचीच सांगितलेली असते. मग उरलेले वस्तुमान कशाचे? तिसरी अशी की १४४ आसनांचा हा रेणू खरोखर एकसंध यंत्रासारखा चालतो, की ती नुसती एकत्र बांधलेली मोळी आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

---

स्फटिकवेडा यांचा प्रतिसाद

आपल्या तीन प्रश्नांपैकी मी दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण रेणूची रचना समजून घेण्याचे दार तेथेच आहे. आपला भागाकार बरोबर आहे आणि त्यातून दिसणारी तफावतही खरी आहे. मानवी हिमोग्लोबिनमध्ये वजनाच्या सुमारे ०.३५ टक्के लोह असते. १४४ लोह-अणू ३६ लाखांत वाटले तर हे प्रमाण ०.२२ टक्क्यांपर्यंत खाली येते. याचा सरळ अर्थ असा की गांडुळाच्या या प्रथिनात असाही मोठा भाग आहे ज्यात हीम नाही आणि ज्याला ऑक्सिजन धरता येत नाही. पुष्कळ जणांना आधी वाटते की ही मोजमापातील चूक असावी. ती चूक नाही. तो भाग म्हणजे या रेणूचा सांगाडा आहे, त्याकडे येतोच.

येथून पुढचे सर्व आकडे लुंब्रिकस टेरेस्ट्रिस या युरोपातील गांडुळाचे आहेत, कारण सर्वांत बारकाईने तपासलेला रेणू त्याचाच आहे. तळापासून चढत गेलो तर रचना सहज ध्यानात येते. सर्वांत खाली ग्लोबिनची एक शृंखला. आपल्या स्नायूंतील मायोग्लोबिनची जी घडी, तीच येथेही आहे: सर्पिल वळणांच्या दांड्या एकमेकींवर आडव्यातिडव्या रचलेल्या, त्यांच्या खोबणीत हीमची चकती, आणि चकतीच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. गांडूळ आणि माणूस यांच्यात एवढे अंतर असूनही ही घडी बदललेली नाही. अशा शृंखलांच्या चार मुख्य जाती आहेत. त्यांना आपण अ, ब, क आणि ड म्हणू. अ, ब आणि क या तिघी गंधकाच्या दोन अणूंच्या पुलांनी, म्हणजे डायसल्फाइड बंधांनी, एकमेकींना पक्क्या शिवलेल्या असतात; ड मात्र न शिवता त्यांना बिलगून राहते. या चौघींचा एक गट, आणि असे तीन गट एकत्र आले की बारा शृंखलांचा एक घुमट तयार होतो. त्याचे वस्तुमान सुमारे दोन लाख डाल्टन. संपूर्ण रेणूत असे बारा घुमट असतात, म्हणून बारा गुणिले बारा, १४४ हीम.

आता सांगाडा. हीम नसलेल्या या शृंखलांना लिंकर म्हणतात. मी त्यांना जोडशृंखला म्हणतो. त्या २४ ते ३२ हजार डाल्टनच्या, चार प्रकारच्या आणि एकूण ३६ असतात. तीन-तीन जोडशृंखलांची एक जुडी, अशा बारा जुड्या, आणि प्रत्येक जुडीच्या माथ्यावर एक घुमट बसवलेला. जुडीचा दुसरा भाग म्हणजे तीन पदरी पीळ घातलेल्या दोरीसारखा दांडा, जो रेणूच्या मध्याकडे आत वळलेला असतो. बैलगाडीच्या चाकाचे आरे तुंब्याकडे जातात तसा. जुड्यांचे माथे आजूबाजूच्या माथ्यांना धरून राहतात, त्यामुळे घुमट एकमेकांवर फारसे विसंबलेले नसतात. सारा भार या आतल्या चौकटीवर असतो. आता बेरीज करून पाहावी. १४४ ग्लोबिन हीमसह साधारण १७ हजारांनी सुमारे साडेचोवीस लाख होतात आणि ३६ जोडशृंखला सरासरी २७ हजारांनी जवळजवळ दहा लाख. आपल्याला न सापडणारे वस्तुमान ते हेच.

बाहेरून हा रेणू कसा दिसतो? वरून पाहिले तर षट्कोनी, मध्ये पोकळ. बाजूने पाहिले तर एकावर एक असे दोन थर, प्रत्येक थरात सहा घुमट. रुंदी सुमारे ३० नॅनोमीटर, उंची सुमारे २०. जात्याच्या दोन तळ्या एकीवर एक ठेवाव्यात तसा, आणि लुंब्रिकसमध्ये वरची तळी खालच्या तळीच्या मानाने सुमारे १६ अंशांनी फिरलेली असते. समुद्रकाठच्या वाळूत राहणाऱ्या अरेनिकोला या कृमीत मात्र दोन्ही थर एकमेकांच्या अगदी डोक्यावर येतात. घराणे एक, जोडणी निराळी.

जोडशृंखलांच्या माथ्यात एक छोटा भाग आहे, जो कॅल्शियमचा अणू पोटात धरून आपला आकार राखतो. गंमत अशी की तशाच घडीचे भाग आपल्या यकृताच्या पेशींवर कोलेस्टेरॉलवाहू कण पकडणाऱ्या ग्राहक-प्रथिनातही असतात. प्रयोगशाळेत कॅल्शियम काढून घेणारे ईडीटीए घातले किंवा सामू बराच वाढवला, की गांडुळाचा हा रेणू घुमट, सुट्या शृंखला आणि जोडशृंखला अशा तुकड्यांत उकलू लागतो. कॅल्शियम हा या बांधकामातला चुना म्हणायला हरकत नाही.

इतिहास थोडक्यात. स्वीडनमध्ये उप्साला येथे थेओडोर स्वेडबर्ग यांनी १९३० च्या दशकात आपल्या अतिवेगवान अपकेंद्री यंत्रात निरनिराळ्या प्राण्यांची रक्तप्रथिने फिरवून पाहिली, तेव्हा गांडुळाचे प्रथिन मानवी हिमोग्लोबिनच्या कितीतरी पट वेगाने तळाकडे जाते असे दिसले. रेणू अवाढव्य असल्याची ती पहिली ठाम साक्ष. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने षट्कोनी दुहेरी थर दाखवला. १९९५ मध्ये गोठवलेल्या रेणूंच्या हजारो चित्रांवरून ३० अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) इतक्या बारकाईचा त्रिमित आराखडा आला. आणि विल्यम रॉयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फटिकावर क्ष-किरण टाकून २००० मध्ये साडेपाच आणि २००६ मध्ये साडेतीन अँगस्ट्रॉमपर्यंत रचना उलगडली. तोवर शृंखला नेमक्या किती, यावर बरीच वर्षे वाद होता. ३६ लाख डाल्टनचा रेणू स्फटिकात ओळीने उभा राहतो आणि त्यातून शृंखलांची मोजदाद होते, याचे मला आजही नवल वाटते.

---

रक्तपेढीतला यांचा प्रतिसाद

वरील वर्णन उत्तम आहे. मी विद्यार्थिनीच्या प्रश्नापुरते लिहितो, कारण पेशीबाहेर पडलेले हिमोग्लोबिन मला कामावर नेहमीच दिसते. साठवलेल्या रक्ताची पिशवी काही काळ उभी ठेवली की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर रक्तद्रव राहतो. तो रक्तद्रव गुलाबी किंवा लाल दिसला तर पेशी फुटल्या आहेत असे समजून ती पिशवी रुग्णाला दिली जात नाही. मुलीने नेमके याच रंगावर बोट ठेवले आहे: आपल्याकडे जो रंग बिघाडाची खूण, तोच गांडुळात तब्येतीची खूण.

आपले हिमोग्लोबिन बाहेर आल्यावर त्रास का होतो, हे आधी पाहू. ते चार शृंखलांचे, सुमारे ६४,५०० डाल्टनचे असते. हे वस्तुमान अल्ब्युमिनच्या जवळपास आहे आणि अल्ब्युमिन तर रक्तात खुशाल राहते. पण पेशीतील दाटी संपून रक्तद्रवात विरळ झाले की हिमोग्लोबिन दोन-दोन शृंखलांच्या अर्धुकांत फुटते. ही ३२ हजारांची अर्धुके मूत्रपिंडाच्या गाळणीतून जातात आणि नलिकांना इजा करतात. काही प्रमाणापर्यंत हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिन त्यांना पकडून ठेवते. ते संपले की लघवी गडद होते. दुसरा त्रास असा की मोकळे हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते. या वायूमुळे रक्तवाहिन्या सैल राहतात. तो कमी पडला की त्या आवळतात. पूर्व विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे जे रुग्ण आहेत, त्यांच्या पेशी सतत फुटत असल्यामुळे ही दोन्ही संकटे त्यांच्या वाट्याला येतात.

गांडुळाने यातील पहिली अडचण आकारानेच मिटवली आहे. ज्याचे तुकडे सहजी होत नाहीत आणि ज्याची रुंदी ३० नॅनोमीटर आहे, असा रेणू वाहिनीच्या भिंतीतून झिरपून देहगुहेत, म्हणजे शरीरभिंत आणि आतडे यांमधल्या पोकळीत, आणि तेथून वृक्ककांकडे, म्हणजे उत्सर्जक नलिकांकडे, जाण्याचा संभव फार कमी. आपले हिमोग्लोबिन पाच-सहा नॅनोमीटरचे असते, एवढी तुलना पुरेशी आहे.

दुसरा फायदा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो आणि पाठ्यपुस्तकांत तो सहसा येत नाही. परासरण दाब द्रावणातील कणांच्या संख्येवर अवलंबून असतो, त्यांच्या वजनावर नव्हे. १४४ हीम वाहून न्यायला आपल्या पद्धतीचे ३६ रेणू लागतील. गांडुळाला एक पुरतो. म्हणजे ऑक्सिजन धरण्याची तीच क्षमता राखून रक्तद्रवातील कणांची संख्या छत्तीस पटींनी कमी झाली. तेवढेच हीम सुट्या लहान रेणूंत ठेवले असते, तर त्यांच्या दाबामुळे भोवतालच्या ऊतींतील पाणी वाहिन्यांत ओढले गेले असते. आपण हा प्रश्न रेणूंना पेशीत कोंडून सोडवला. गांडुळाने त्यांना एकत्र बांधून सोडवला. तांबडी पेशी जे काम करते तेच काम हा राक्षसी रेणू करतो, असे वर्गात सांगायला हरकत नसावी.

---

समुद्रकाठ यांचा प्रतिसाद

रक्तपेढीतला यांच्या शेवटच्या वाक्याला माझी थोडी हरकत आहे. तुलना आकर्षक आहे, पण ती जशीच्या तशी वर्गात नेऊ नये. आपल्या एका तांबड्या पेशीत सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू असतात. गांडुळाचा एक रेणू त्यातल्या छत्तीसांच्या बरोबरीचा. शिवाय पेशीत निव्वळ कोंडून ठेवण्यापलीकडेही कामे चालतात. लोहाचे ऑक्सिडीकरण झाले की हिमोग्लोबिन तपकिरी पडते आणि ऑक्सिजन धरू शकत नाही. ते पूर्ववत करणारी विकरे पेशीत हाताशी असतात. उघड्या रेणूभोवती ती यंत्रणा नसते. तेव्हा आकाराने कोणत्या दोन अडचणी सुटल्या एवढेच सांगावे. ‘पेशीचा पर्याय’ म्हणू नये.

दुसरे असे की वलयांकित प्राण्यांनी, म्हणजे गांडूळ ज्या संघात मोडते त्यातील प्राण्यांनी, पेशीचा मार्ग मुळी धरलाच नाही, असेही नाही. ग्लिसेरा या सागरी कृमीच्या देहगुहेतील द्रवात हिमोग्लोबिन चक्क पेशींत भरलेले असते. उलट मोठा रेणू करून उघड्यावर ठेवण्याची युक्ती इतरांनीही स्वतंत्रपणे साधली आहे: गोड्या पाण्यातील प्लॅनॉर्बिस गोगलगायीचे हिमोग्लोबिन असेच मोठे आणि पेशीबाहेरचे, पण त्याची बांधणी सर्वस्वी वेगळी. गोगलगायींच्याच कुळातील काही सागरी प्राण्यांचे तांबेयुक्त निळे हिमोसायनिन तर ८० लाख डाल्टनपर्यंत जाते, म्हणजे गांडुळाच्या दुपटीहून मोठे. वस्तुमानाचा विक्रम गांडुळाकडे नाही. मला कौतुक वाटते ते त्याच्या बांधणीतील शिस्तीचे.

आता तिसऱ्या प्रश्नाबद्दल, ज्याला अजून कोणी हात लावलेला नाही. मोळी की यंत्र? उत्तर दोन्हींच्या मधले आहे. एका हीमवर ऑक्सिजन बसला की शेजारच्या हीमची ओढ वाढते, याला सहकारिता म्हणतात. तिचे माप म्हणून हिल गुणांक वापरतात. मानवी हिमोग्लोबिनसाठी तो २.८ च्या आसपास येतो. चार आसनांच्या रेणूत तो चाराच्या वर जाऊच शकत नाही. लुंब्रिकसच्या रेणूसाठी योग्य सामू आणि कॅल्शियम असताना तो जवळपास ८ पर्यंत मोजला गेलेला आहे. याचा अर्थ निदान आठ हीम एकमेकांची दखल घेत असले पाहिजेत. म्हणजे चौघींचा गट पुरेसा नाही, संवाद त्यापलीकडे जातो. परंतु १४४ आसने एका सुरात चालतात असे म्हणायला या आकड्याने आधार मिळत नाही. बारांचा घुमट हे सहकार्याचे मुख्य घर मानले जाते. घुमट सुटा केला तरी त्याच्यात सहकारिता टिकते, मात्र अखंड रेणूइतकी नाही. तेव्हा सांगाडा आणि कॅल्शियम यांचा त्यात वाटा आहे, हे उघड आहे.

हा संवाद चालतो कसा, हा भाग मला सर्वांत रोचक वाटतो. आपल्या हिमोग्लोबिनमध्ये हीम एकमेकांपासून दूर आहेत आणि शृंखलांच्या जोड्या एकमेकींच्या मानाने किंचित फिरल्यामुळे निरोप पोचतो. गांडुळात, ज्या दोन सर्पिल दांड्यांच्या मध्ये हीम बसते त्याच बाजूने दोन शृंखला समोरासमोर येतात, त्यामुळे एका शृंखलेचे हीम दुसरीच्या हीमजवळ येते आणि निरोप जवळजवळ भिंतीला कान लावून ऐकता येतो. अशीच मांडणी तांबडे रक्त असलेल्या एका शिंपल्यात, स्काफार्कात, आधी सापडली होती. माशांपासून माणसापर्यंत चालत आलेली आपली जोडणी हीच एकमेव शक्य जोडणी आहे असा समज त्यामुळे मोडला.

जाता जाता ओलीमाती यांच्या काचपट्टीविषयी. गोलसर, कणीदार, पिवळट म्हणून वर्णन केलेल्या पेशी रक्तातील नसाव्यात. गांडूळखतात सहसा वापरतात ते आयसेनिया फेटिडा दुखावले की देहगुहेतील पिवळा, उग्र वासाचा द्रव बाहेर टाकते, आणि तशा पिवळ्या पेशी त्या द्रवात भरपूर असतात. तुटलेल्या गांडुळाच्या थेंबात रक्त आणि हा द्रव मिसळलेलाच येणार. आपल्याला दिसलेली तांबूस झाक रक्ताची आणि पेशी देहगुहेच्या, असे मी म्हणेन.

---

ओलीमाती यांचा प्रतिसाद

तिघांचेही आभार. वास आला होता, हे आता आठवते. तो कुजक्या पालापाचोळ्याचा समजून मी सोडून दिला होता.

वर्गाच्या दृष्टीने दोन शंका उरतात. आमच्या पुस्तकातील प्राणी फेरेटिमा पोस्थुमा आहे, लुंब्रिकस नव्हे. मग १४४ हा आकडा मी त्याच्या नावावर सांगावा का? आणि या प्रथिनाला एरिथ्रोक्रुओरिन म्हणावे की हिमोग्लोबिन? दोन्ही नावे वाचनात येतात, आणि मुले लगेच विचारतात की ही दोन द्रव्ये आहेत की एकच.

---

स्फटिकवेडा यांचा प्रतिसाद

द्रव्य एकच. एरिथ्रोक्रुओरिन हे नाव अपृष्ठवंशीयांच्या पेशीबाहेरील तांबड्या रक्तप्रथिनांसाठी स्वेडबर्ग यांच्या काळात रूढ झाले आणि लुंब्रिकसवर काम करणारे आजही ते वापरतात. परंतु हीम तेच, ग्लोबिनची घडी तीच, ऑक्सिजन धरण्या-सोडण्याची रीतही तीच. म्हणून शालेय पातळीवर हिमोग्लोबिन म्हणण्यात काहीही चूक नाही. क्लोरोक्रुओरिन मात्र खरोखर वेगळे: काही नळीवासी सागरी कृमींत आढळणाऱ्या त्या हिरव्या प्रथिनात हीमच्या कडेचा एक गट बदललेला असतो. त्याचा रेणूही याच षट्कोनी दुहेरी थरांच्या घराण्यातला आहे, हे विशेष.

फेरेटिमाच्या बाबतीत मी असे सुचवीन की षट्कोनी दुहेरी थराचा आराखडा गांडुळांसाठी सर्वसाधारण म्हणून सांगावा आणि आकडे सांगताना ‘लुंब्रिकसमध्ये’ असे स्पष्ट म्हणावे. ब्राझीलमधील ग्लॉसोस्कोलेक्स पॉलिस्टस या मोठ्या गांडुळाच्या रेणूची रचनाही क्ष-किरणांनी उलगडली आहे आणि तिचा आराखडा लुंब्रिकसचाच आहे, त्यामुळे सर्वसाधारण विधान करायला आधार आहे. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या खंडांतील रक्तग्रंथी, हृदयांच्या जोड्या, हे सारे फेरेटिमाचे. रेणूतील शृंखलांची संख्या लुंब्रिकसची. दोन्ही एका आकृतीत काढले की मुलांच्या मनात एक काल्पनिक गांडूळ तयार होते, आणि परीक्षेत तेच उतरते.

---

रक्तपेढीतला यांचा प्रतिसाद

समुद्रकाठ यांची दुरुस्ती मान्य आहे. तांबड्या पेशीशी केलेली ती बरोबरी मागे घेतो. मात्र तुलनेचा मोह केवळ मलाच झालेला नाही. मानवी हिमोग्लोबिनपासून कृत्रिम रक्त बनवण्याच्या प्रयत्नांत वर लिहिलेल्या अडचणी वारंवार आडव्या आल्या, तेव्हा मुळातच उघड्यावर राहण्यासाठी घडलेल्या या रेणूंकडे लक्ष गेले. फ्रान्समधील हेमारिना ही २००७ मध्ये स्थापन झालेली कंपनी अरेनिकोला मरिना या वाळूतल्या कृमीचे हिमोग्लोबिन, प्रत्यारोपणासाठी काढलेले मूत्रपिंड ज्या थंड द्रवात ठेवतात त्या द्रवात, लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात मिसळते, म्हणजे वाटेत त्या अवयवाला थोडा-थोडा ऑक्सिजन मिळत राहतो. ओहोटीच्या वेळी त्या कृमीचा पाण्याशी संबंध काही तास तुटतो आणि रक्तात धरून ठेवलेला ऑक्सिजन तेव्हा त्याच्या कामी येतो. येथे रक्तगटाचा प्रश्न येत नाही, कारण रक्तगट ठरवणाऱ्या खुणा पेशीच्या पृष्ठभागावर असतात आणि येथे पेशीच नाही. अवयवाच्या द्रवात वापरणे आणि माणसाच्या वाहिनीत रक्त म्हणून सोडणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना जरूर सांगावे. वर्तमानपत्री मथळ्यांत दोन्हींची सरमिसळ होते.

---

ओलीमाती यांचा प्रतिसाद

आज वर्गात बारा घुमट आणि बारा जुड्या फळ्यावर काढल्या. जात्याची उपमा निम्म्या मुलांना कळली नाही, कारण त्यांनी जाते पाहिलेलेच नाही; शेवटी हातातल्या दोन बांगड्या एकीवर एक ठेवून दाखवाव्या लागल्या. त्याच विद्यार्थिनीचा पुढचा प्रश्न असा: हिमोग्लोबिन इतके महत्त्वाचे, तर ते नसते तर गांडूळ मरेल का? आणि जळवेचे रक्त कसे असते?

---

समुद्रकाठ यांचा प्रतिसाद

पहिल्या प्रश्नावर जुने प्रयोग आहेत. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला घट्ट चिकटून त्याला निकामी करतो. गांडुळांना तो वायू देऊन त्यांचा ऑक्सिजनचा वापर १९४० च्या दशकात मोजण्यात आला होता. वापर घटला, पण थांबला नाही, आणि गांडुळे लगेच मेलीही नाहीत. त्वचा ओली आणि पातळ, तिच्याखाली केशवाहिन्यांचे जाळे, आणि थोडा ऑक्सिजन नुसता रक्तद्रवात विरघळूनही जातो, त्यामुळे विश्रांतीत एवढ्यावर त्याचे भागते. बिळात हवा कमी असताना मात्र हिमोग्लोबिनची गरज अधिक भासणार.

बांगड्यांची उपमा अजिबात कमी नाही. या रेणूच्या एका जुन्या प्रतिकृतीचे नावच ‘ब्रेसलेट’ होते.

जळू गांडुळाचीच नातलग आहे. तिच्या अंगातील द्रवही तांबडा, हिमोग्लोबिन पेशीबाहेर विरघळलेले आणि त्याच षट्कोनी घराण्यातले. पण गुरांच्या किंवा माणसाच्या अंगाला लागून पोट भरलेली जळू पाहिली, तर तिच्या अन्नपुटात दुसरेच रक्त असते: आपल्या तांबड्या पेशींचे. त्या पेशी तेथे कित्येक दिवस न फुटता राहतात. म्हणजे एकाच प्राण्यात, पुटाच्या पातळ भिंतीच्या एका बाजूला चार शृंखलांचे हिमोग्लोबिन पेशींत कोंडलेले, आणि दुसऱ्या बाजूला बारा घुमटांचे उघड्यावर वाहणारे.